मुनीमचे मागचे पाय

हळदीच्या पेठेत वाढलेला कुत्रा,
म्हणून नाव मुनीम.
मार्केट यार्डात पोती उतरताना
दर पोत्याला शेपूट एकदा जमिनीवर आपटायचा.
तोलाईवाले म्हणायचे,
वहिनी, ह्याला पगार लावा.

यंदा दिवाळीनंतर
मागचे पाय त्याचे राहिले नाहीत.
पुढचा अर्धा उठायचा,
मागचा अर्धा फरपटत यायचा,
शिवण उसवलेल्या बारदानासारखा.

डॉक्टर चौगुल्यांनी फिल्म उजेडात धरली.
पाठीचे तीन मणके एकमेकांत विरघळलेले.
"तेरा वर्षं म्हणजे पुष्कळ झाली, ताई.
गोळी देतो, पण रोज नको, लिव्हर धरेल.
बाकी काही करून बघा.
अपाय नसेल तर माझी ना नाही."

बाकी काही
सांगलीत प्रत्येकाला माहीत होतं.
समोरच्या गाळ्यातून निर्गुडीचा पाला आला,
बुधगावच्या मावशीचा विटेचा शेक आला,
पुतण्याचा पुण्याहून फोन:
इथं कुत्र्यांना सुया टोचतात, काकू, पाण्यात चालवतात.
म्हटलं, पाणी आहे की कृष्णेला.
तोलाईवाला शंकर हसला,
आणि मगर?
मगरीला सांगणार काय, उपचार चालू आहे म्हणून?

मग गावभागातले होमिओपॅथीवाले म्हैसाळकर.
त्यांनी मुनीमला हात लावला नाही, वही उघडली.
विजेला भितो का?
ऊन शोधतो की सावली?
दुखत असताना जवळ घेतलं तर निवळतो,
का आणखी चिडतो?
एकटा असला की कण्हतो? नीट आठवा.

मला सगळं येत होतं,
न अडखळता, पावकीच्या पाढ्यासारखं.

रस्त्यावर येऊन, पांढऱ्या गोळ्यांची बाटली मुठीत धरून
मी उभी राहिले.
ह्यांच्याबद्दल हे मला कुणी विचारलं नव्हतं.
मिरजेत अकरा दिवस, काचेपलीकडे.
मला विचारलं ते वय, वजन
आणि विमा.

त्या गोळ्यांनी काय झालं, माहीत नाही.
मुनीमनं आवडीनं खाल्ल्या, एवढं खरं.

शेवटी तालमीतले अल्लाबक्ष वस्ताद आले.
पन्नास वर्षं पैलवानांची अंगं रगडलेली,
अंगठे कुळवाच्या फासासारखे.
तेल नुसतं तिळाचं, लसूण नाही,
चाटेल म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं.
वस्ताद पोत्यावर बसले, मला म्हणाले,
"आदी तुमचा तळवा गरम करा.
गार हातानं जनावर आकसतंय.
दाबायचं न्हाई. इचारायचं.
कातडं थरथरलं की तितंच थांबायचं.
आन् रगडताना बोलायचं न्हाई, बाई,
अंग ऐकत असतंय."

मी बोलत होते, हे मलाच ठाऊक नव्हतं.

आता रोज पाच वाजता
गाळ्याचं शटर निम्मं खाली.
तळव्यावर तळवा घासते.
माकडहाडापासून वर, मग मांडीच्या आतून,
जिथं केस पातळ आहेत आणि नाडी लागते.
बाहेर लिलावाचा कालवा, टेम्पोचे हॉर्न,
आत एक जुनं जनावर आणि मी,
दोघंही गप्प.
कधी तो मध्येच झोपतो, त्याचं घोरणं
माझ्या मनगटापर्यंत येतं.

फेब्रुवारीत नव्या हळदीची पहिली गाडी लागली,
तेव्हा मुनीम उठला.
गाळ्याच्या तीन पायऱ्या उतरला,
तिरका, दारुड्यासारखा,
पहिल्या पोत्याला नाक लावलं, शिंकला,
आणि तिथंच बसला.
शंकरनं काटा थांबवला.

चौगुल्यांनी नवी फिल्म काढली.
बराच वेळ बघत राहिले.
"काहीच फरक नाही," म्हणाले.
मग चष्मा काढून,
"चालतोय म्हणता?"
म्हटलं, तीन पायऱ्या. मग बसतो.
त्यांनी कागदावर लिहिलं, चालू ठेवावे.
काय ते लिहिलं नाही.

काही दिवस तो उठतही नाही.
त्या दिवशीही तळवे गरम करते.
नंतर हात पुसायचे राहतात, तशीच वही ओढते,
आवक लिहिते, जावक लिहिते.
मार्चअखेर ऑडिटवाला येईल, विचारेल,
पानापानावर हे बोटांचे तेलकट डाग कुणाचे?

सांगेन, मुनीमचे.